चाखून घेतलेला दुधी

थोरलीनं दुधीची पातळ चकती जिभेवर ठेवली, एकदा चावली आणि लगेच सिंकवर वाकून थुंकली. चूळ भरली, पुन्हा थुंकली. कडूपणा जिभेच्या मुळाशी जाऊन बसला होता आणि पाण्याला दाद देत नव्हता. कारल्याचा कडूपणा तोंडाच्या ओळखीचा असतो. हे काहीतरी वेगळंच होतं.

ओट्यावर काल बाजारातून आणलेले दुधी ओळीनं मांडले होते. हिरवेगार, कोवळे, नख लावलं तर पाणी सुटावं असे. तिनं दुसरा घेतला, देठाकडून काप काढला, चावला. गोड. तिसरा घेतला. त्याचा काप तोंडात नीट फिरवायच्या आतच तिला पुन्हा सिंककडे धावावं लागलं.

"अहो," ती म्हणाली. "अहो, इकडे या."

नवरा पेपर हातात घेऊनच दारात आला.

"दुधी कडू आहे."

"मग टाकून दे. मला तसाही तो..."

"वन्संच्या पिशवीत तीन गेलेत."

नवऱ्याच्या हातातला पेपर खाली आला.

या घरात भाजी किलोनं येत नसे, गोणीनं येई. दर पंधरवड्याला शनिवारी उजाडता उजाडता थोरली आणि तिचा नवरा गाडी काढून घाऊक बाजारात जात. कांद्याची गोणी, बटाट्याची गोणी, टोमॅटोचे क्रेट, फळांच्या दोन-तीन पेट्या, आणि त्या दिवशी जे ताजं उतरलं असेल ते. दुपारी हॉलमध्ये जुनी चादर अंथरून त्याचे तीन वाटे व्हायचे: एक आपला, एक धाकट्या जावेचा आणि एक वन्संचा. वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्याच राहत होत्या. त्यांची पिशवी नवरा शनिवारी संध्याकाळी स्वतः नेऊन देत असे.

थोरली चाखल्याशिवाय काही घेत नसे. पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल, पण सुरी असायची. गोणीच्या वरचा माल ती बघायचीच नाही. हात खांद्यापर्यंत खुपसून मधलं एक काढायची, काप घ्यायची, चावायची, थुंकायची आणि मगच भावाची घासाघीस सुरू करायची. ती लांबून येताना दिसली की व्यापारी एकमेकांना ओरडून सांगत, "बाई आल्या, झाका माल!" तीही हसायची. घरात कधी कडू काकडी आली नव्हती की आंबट मोसंबं. तिला याचा ताठा होता आणि तो लपवायची गरज तिला कधी वाटली नव्हती.

कौतुक झालं नव्हतं ते फक्त वन्संकडून. लग्न होऊन आल्यापासून ती त्या एका शब्दाची वाट बघत होती. वन्सं पिशवी उघडायच्या, आत बघायच्या आणि भावाला सांगायच्या, "टोमॅटो जरा मऊच वाटतात रे." नवरा घरी येऊन ते जसंच्या तसं सांगायचा, कारण कुठली गोष्ट पोटात ठेवावी हे त्याला कधीच कळलं नव्हतं.

गेल्या थंडीत वन्संच्या छातीत दुखलं. दवाखान्यातून घरी आल्यावर फिरायला येणाऱ्या कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की रोज सकाळी उपाशीपोटी कच्च्या दुधीचा रस घ्यावा. तेव्हापासून त्यांच्या पिशवीत तीन दुधी जाऊ लागले, निवडून काढलेले, सगळ्यांत देखणे.

आणि कच्च्या दुधीचा रस कडू निघाला तर काय होतं, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण असाच एक पेला पिऊन रक्ताच्या उलट्या करत अतिदक्षता विभागात पडला होता. तो तर तरणाताठा माणूस. वन्संचं हृदय आधीच अधू.

तिनं फोन लावला. रिंग पूर्ण वाजली आणि बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"सकाळी ती फोन कपाटात ठेवते," नवरा म्हणाला. "आंघोळ, पेपर, सगळं उरकेपर्यंत बघतच नाही."

"आणि रस कधी पितात?"

रस त्या उठल्या उठल्या पीत, हे दोघांनाही माहीत होतं.

तो गाडीची किल्ली शोधायला धावला. तेवढ्यात तिनं धाकटीला फोन लावला.

"अगं, काल पाठवलेला दुधी चिरलास का?"

"नाही हो ताई. का?"

"चिरू नकोस. कडू आहे. चाखायचाही नाही, सरळ टाकून दे."



"ताई, खरं सांगू का? रागावू नका हं. आमच्याकडे दुधी कुणी खातच नाही. तुमच्या भावजींना तर तो डोळ्यांसमोर नको असतो. तुम्ही एवढ्या हौसेनं पाठवता म्हणून बोलले नाही कधी. चार दिवस फ्रिजमध्ये ठेवते आणि..."

"आणि?"

"टाकते."

एरवी एवढ्यावर थोरली महिनाभर तोंड फुगवून बसली असती. आज ती म्हणाली, "बरं करतेस गं बाई," आणि पायात मिळतील त्या चपला सरकवून जिना उतरली.

रविवारची सकाळ होती. रस्त्यांवर घाई फक्त त्यांच्याच गाडीला होती. पुढे एकजण कुत्र्याला घेऊन रमतगमत रस्ता ओलांडत होता. नवऱ्यानं हॉर्न दाबला तसा तो माणूस थांबून त्यांच्याकडे बघत राहिला. थोरली फोन लावत होती, रिंग ऐकत होती, बंद करून पुन्हा लावत होती. जिभेवरचा कडूपणा अजून गेला नव्हता. नुसता काप चावून थुंकला तर ही गत. पेलाभर पोटात गेला तर?

तिच्या डोळ्यांसमोर वन्संचं स्वयंपाकघर येत होतं. तो स्टीलचा उंच पेला. नाक मुरडत, शिस्त म्हणजे शिस्त, एका दमात सगळा रस संपवणाऱ्या वन्सं. कडू लागला तरी त्या थांबणार नव्हत्या. औषध कडूच असतं, असं त्या उभा जन्म मुलांना सांगत आल्या होत्या.

"काल तुम्ही चाखला होता ना?" तिनं विचारलं.

नवऱ्यानं गिअर बदलला.

काल टोमॅटोवर झुंबड उडाली होती. क्रेट हातचे जातील म्हणून ती तिथून हलू शकत नव्हती. तिनं सुरी नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याला दुधीच्या गोण्यांकडे पिटाळलं. मधला काढा, देठाकडून काप घ्या, चावा, गिळू नका. तो परत आला आणि म्हणाला, "गोड आहे." तिनं गोणी उचलायला सांगितली.

"मी काय विचारतेय?"

"अगं, तिथं एवढे हमाल, व्यापारी, सगळे बघत उभे. त्यांच्यासमोर कच्चा दुधी चावत बसायचं..." तो रस्त्याकडे बघत बोलत होता. "आणि मला मुळात त्याच्या वासानं मळमळतं. काप घेतला. रुमालात गुंडाळून खिशात टाकला. दिसायला इतके छान होते ते."

थोरलीला त्याला खूप काही बोलायचं होतं. संसारात आजवर जे जे साठलं होतं ते सगळं एका दमात बोलता आलं असतं. पण तिची नजर त्याच्या हातांवर गेली. स्टिअरिंग त्यानं दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. बहीण गेली तर ते याच हातांनी झालेलं असणार होतं, आणि त्याला ते कळलं होतं.

"गाडी नीट चालवा," ती एवढंच म्हणाली.

वन्संच्या गल्लीत गाडी लावायला जागा नव्हती. तो फेरी मारून येतो म्हणाला. तिनं थांबत्या गाडीतूनच उडी टाकली. लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती. ती जिना चढत सुटली, एका मजल्यावर चप्पल निसटली ती तिथंच सोडून पुढे गेली. वरच्या मजल्यावर पोचली तेव्हा छातीत भाता चालला होता. तिनं बेल दाबली.

आतून काही आवाज आला नाही.

तिनं पुन्हा बेल दाबली आणि दाबूनच धरली. मग दाराला कान लावला. आत कुठेतरी पाणी वाहत होतं. नळ सुरू होता, पण कुणाची चाहूल नव्हती. नळ सुरू ठेवून वन्सं कधी दुसरीकडे जायच्या नाहीत. पाण्याचा थेंब वाया गेलेला त्यांना खपत नसे. तिच्या डोळ्यांपुढे मोरीत आडव्या झालेल्या वन्सं आल्या. ती मुठीनं दार बडवू लागली.

"वन्सं! वन्सं, दार उघडा!"

पाणी थांबलं. कडी सरकली. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेल्या वन्सं दारात उभ्या होत्या.

"काय गं, इथं काय आग लागलीय? बाळ बरा आहे ना?" भावाला वन्सं अजून बाळच म्हणत.

"रस प्यायलात?"

"आधी आत ये. जिन्यात ओरडू नकोस."

"वन्सं, दुधीचा रस प्यायलात का ते सांगा!"

"नाही."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. ती आत आली, पहिली खुर्ची दिसली तिच्यात बसली आणि चक्क रडायला लागली. वन्संनी पाणी आणून दिलं. तिनं हुंदके देत देत सगळं सांगितलं: कडू दुधी, टोमॅटोची झुंबड, नवऱ्याच्या खिशातला काप. वर्गातल्या भांडणाची तक्रार ऐकावी तसं वन्संनी ते शेवटपर्यंत उभं राहून ऐकलं.

"मी तो रस कधीच सोडला," त्या म्हणाल्या. "आठवडाभर प्यायले असेन. शिसारी आली."

थोरलीनं डोळे पुसले. "मग दर वेळी आम्ही तीन तीन दुधी पाठवतोय ते? एका शब्दानं सांगायचं तरी."

वन्संनी डोक्याचा टॉवेल सोडला, पुन्हा बांधला.

"बाळ पिशवी ठेवायला येतो. चहा घेतो, घटकाभर बसतो. हे नको, ते नको म्हणत गेले असते तर पिशवी हलकी झाली असती. मग तूच म्हणाली असतीस, एवढ्याशासाठी कशाला तिकडे जाता."

थोरली नक्कीच तसं म्हणाली असती. तिला एकदम वन्संची कीव आली, आणि स्वतःची लाजही वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "मग एवढ्या भाजीचं करता तरी काय?"

"खाली शिवणकाम करणारी राहते ना, तिला देते. एकटी बाई, दोन मुलं पदरात. मीच तिला सांगितलंय, सकाळी मुलांना दुधीचा रस..."

वन्संचं वाक्य तिथंच राहिलं.

आपल्या माणसावरचं टळलं म्हणून थोरलीला जो सुटल्यासारखा आनंद झाला होता, तो नको तेवढा वेळ टिकला. अगदी एखादाच क्षण, पण तिला तो जाणवला. मग दोघी जिन्याकडे धावल्या.

छातीच्या दुखण्यानंतर वन्सं कठडा धरून एकेक पायरी उतरायच्या. आज त्या अनवाणी, ओल्या केसांनिशी थोरलीच्या पुढे होत्या.

"मशीन बंद आहे," जिन्यातच त्या म्हणाल्या. "रविवारीसुद्धा हिचं मशीन बंद नसतं."

दार नुसतं लोटलेलं होतं. खोली एवढीशी. खिडकीपाशी शिलाई मशीन, सुईखाली अर्धवट शिवलेली बाही तशीच अडकलेली. जमिनीवर कापडाचे तुकडे आणि खडूच्या खुणा. कोपऱ्यात मोठी मुलगी धाकट्या भावाचा हात धरून उभी होती. दोघं टक्क डोळ्यांनी बघत होती. न्हाणीघराच्या उंबऱ्याला टेकून त्यांची आई बसली होती, समोर बादली. चेहरा पांढराफटक. वन्संना बघताच ती उठायची धडपड करू लागली.

"बाई, तुम्ही? बसा ना. खुर्ची दे गं बाईंना."

"मुलांना रस दिलास?" वन्संनी विचारलं. त्यांचा शाळेतला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"नाही हो. घोट घेतला आणि दोघांनी थुंकून टाकला. चांगली ओरडले मी त्यांना. बाई एवढं आपल्यासाठी देतात आणि तुमची ही थेरं." ती थांबली, पोट आवळून धरलं, कळ जाऊ दिली. "मग मीच प्यायले. त्यांच्या वाटचाही. टाकवेना."

थोरली मुलांपुढे गुडघ्यांवर बसली. "गिळला होतात का? थोडासुद्धा?" दोघांनी नाही म्हणून मान हलवली. मुलगी म्हणाली, "खूप घाण होता." थोरलीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तिनं ओट्यावरचं भांडं बघितलं. तळाशी हिरवट रस उरला होता, शेजारी दुधीची सालं. दवाखान्यात दाखवायला म्हणून तिनं ते सगळं एका पिशवीत भरलं.

"अगं, पण कडू लागला नाही तुला?" वन्सं म्हणाल्या. "तोंडात घेतल्या घेतल्या कळायला नको?"

"लागला की. जहर कडू." शिवणवालीनं ओठ पुसले. "पण तुम्ही नेहमी सांगता ना बाई, आमची वहिनी एकेक वस्तू चाखल्याशिवाय घरात आणत नाही म्हणून. तिच्या हातचा माल डोळे मिटून खावा म्हणता. मला वाटलं, माझ्याच तोंडाला चव नाही. दोन दिवस कणकण होती ना अंगात."

थोरलीनं वन्संकडे बघितलं. वन्सं जमिनीवरच्या खडूच्या रेघांकडे बघत होत्या. या एका वाक्यासाठी थोरली इतकी वर्षं थांबली होती.

मग बादली पुन्हा पुढे ओढावी लागली. या खेपेला उलटीत लाल होतं.

दोघींनी तिला दोन्हीकडून धरून उठवलं. ती हलकी होती, तरी पाय टाकत नव्हती. नवरा गाडी घेऊन फाटकापाशीच थांबला होता. वन्संना आपल्या पायांवर चालत येताना बघून तो गाडीतून जवळजवळ पडतच बाहेर आला.

"ताई! अगं ताई, तू बरी आहेस! मला वाटलं..." त्याचे डोळे भरून आले होते. मग त्याला त्या दोघींच्या मध्ये लटकलेली तिसरी बाई दिसली. त्यानं बायकोच्या तोंडाकडे बघितलं.

"मागचं दार उघड," वन्सं म्हणाल्या.

थोरली आधी आत बसली आणि शिवणवालीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. ते गार पडलं होतं. कपाळावर घामानं केस चिकटले होते. थोरलीनं ते पदरानं बाजूला केले.

"मुलांजवळ मी थांबते," वन्सं खिडकीत वाकून म्हणाल्या. "तू कसली काळजी करू नकोस. ऐकतेस ना?"

शिवणवालीनं डोळे उघडले. गाडीची सीट, छत, आपल्याला धरून बसलेली अनोळखी बाई, सगळ्यांवरून तिची नजर फिरली. "यांची गाडी खराब होईल हो," ती पुटपुटली. मग तिनं हात वर करून वन्संची बाही धरली आणि त्यांना आणखी जवळ ओढलं.

"बाई, एक करा. तुमच्या वहिनींना सांगू नका हं, कडू निघाला म्हणून. एवढं जिवाभावानं चाखून आणतात. वाईट वाटेल त्यांना."

वन्संनी तिचा हात सोडवून तिच्या छातीवर ठेवला. त्यांनी थोरलीकडे बघितलं नाही.

थोरलीनं काच वर केली.

"चला," ती नवऱ्याला म्हणाली.